दहाव्या खुर्चीचा भार

नियाजभाईंनी सव्वीस वर्षं जिनिंग फॅक्टरीत फिटर म्हणून काढली होती, त्यामुळे जगातल्या कुठल्याही मशीनविषयी त्यांचं मत पक्कं असे आणि ते न मागता मिळे. पिठाची गिरणी असो, शिलाई मशीन असो की देवळातल्या घंटेची मोटार, नियाजभाई आधी डोळे मिटून ऐकत, मग मान हलवून म्हणत, "हिले आराम नाही भेटून राह्यला." दहांतून आठ वेळा ते खरं निघे. उरलेल्या दोन वेळांची आठवण त्यांना कुणी करून देत नसे, कारण माणूस मनाचा फार चांगला.

तर अशा माणसाच्या ताब्यात, दोन हजार सातच्या उन्हाळ्यात, अकोल्याच्या जठारपेठेतली एक कॉम्प्युटरची खोली होती. कापूस कमी कमी होत गेला तशी फॅक्टरीची दोन पाळ्यांची एक पाळी झाली, एकीची अर्धी झाली आणि एका दिवाळीनंतर मालकानं फाटक उघडलंच नाही. नियाजभाई दोन महिने घरी बसले आणि त्या दोन महिन्यांत त्यांनी घरातले सगळे पंखे विनाकारण खोलून पुन्हा जोडले. शेवटी देवीदासभाऊंनी त्यांना बोलावून घेतलं. देवीदासभाऊ फुलांचे बागायतदार, शेवंती-झेंडूचा माल थेट नागपूरपर्यंत पाठवणारे, आणि शिवाय एका महिला संस्थेचे सचिव. महिला संस्थेला पुरुष सचिव कसा, हे अकोल्यात कुणी विचारलं नाही, म्हणून आपणही नको विचारायला.

संस्थेच्या खोलीत दहा जुने पडदे होते, दहा कीबोर्ड होते, पण डोकं एकच. कोपऱ्यातल्या टेबलाखाली एक मोठी मशीन, आणि दहाही पडदे तारांनी तिला बांधलेले. कुठल्याही पडद्यावर काहीही करा, खरं काम त्या कोपऱ्यातच होई. ही सगळी जोडणी नियाजभाईंच्या मुलीनं, शाइस्तानं केली होती. ती अमरावतीला डिप्लोमाला होती. सुट्टीत आली, त्या मशीनवर लिनक्स नावाची फुकटातली प्रणाली चढवली, बापाला चार गोष्टी शिकवल्या आणि परत गेली. त्या चार गोष्टींतल्या तीन नियाजभाईंना चांगल्या येत होत्या.

आता या खोलीवर एक मोठं काम चालून आलं होतं. त्या वर्षांत सरकारचे सर्व्हे गावोगाव सुरू होते. शेतकऱ्याच्या घरात माणसं किती, जमीन किती, विहिरीला पाणी आहे का, लग्नाच्या पोरी किती, असले सगळे प्रश्न विचारून लाखो फॉर्म भरले गेले होते, आणि ते फॉर्म कॉम्प्युटरवर चढवायला हात हवे होते. एका कार्यालयानं देवीदासभाऊंना कळवलं: गुरुवारी दुपारी बारा ते दोन आमचा माणूस येईल, चाचणी घेईल. एकेका बाईनं दोन तासांत वीस फॉर्म बिनचूक चढवले पाहिजेत. जमलं तर सहा महिन्यांचं काम तुमचं. मधेच मशीन अडकली तर काम दुसऱ्या संस्थेला.

दहा बाया महिनाभर सराव करत होत्या. सकाळी साडेनऊला नऊजणी येत आणि मशीन हरणासारखी पळे. साडेअकराला दहावी येई, पार्बताबाई. सकाळचा भाजीबाजार उरकून, पदरानं घाम पुसत, शेवटच्या खुर्चीवर येऊन बसे. आणि बारा वाजले की मशीन बसे. एक अक्षर दाबावं आणि ते पडद्यावर उमटेपर्यंत पुढचं विसरून जावं, अशी तिची गत होई. दीड-दोनला ती पुन्हा पळायला लागे, पण तोवर सगळ्यांचा जीव मेटाकुटीला आलेला असे, आणि सुधारलेल्या गोष्टीचं कारण शोधायला कोण बसतो?

"पार्बताबाई आली का मशीन बसते," असं आधी कुणीतरी गमतीत म्हटलं. मग ते गमतीत राहिलं नाही. देवीदासभाऊंनी हिशोब मांडला. "नियाजभाई, नऊ जनी झेपतात हिले. दहावी झेपत नाही. बैलबंडीत एक पोतं जास्त झालं का आखरी पोतंच उतरवा लागते."

नियाजभाईंनाही ते पटलं. भार म्हणजे काय हे त्यांच्याइतकं कुणाला कळणार? भिंतीवरच्या फळ्यावर रोजचे फॉर्म लिहिलेले असत, आणि त्यात सगळ्यात खाली पार्बताबाईंचाच आकडा होता. सोमवारी दुपारी त्यांनी तिला बाहेर बोलावून सांगितलं.

"पार्बताबाई, मशीनले दहाचा भार होत नाही. गुरुवारी तुमी नका येऊ. वाईट नका वाटू देऊ."

पार्बताबाई पंचेचाळीस-अठ्ठेचाळीसच्या. सातवी शिकलेल्या. पंचवीस वर्षं उन्हात बसून वांगी-भेंडी विकलेल्या. या कामावर त्यांचा जीव का होता, हे त्यांनी पहिल्याच दिवशी सगळ्यांना सांगून टाकलं होतं: वर पंखा आणि खाली खुर्ची असलेलं काम त्यांना जन्मात एकदा करून पाहायचं होतं. त्या रडल्या नाहीत, भांडल्या नाहीत. "बरं," म्हणाल्या. आत गेल्या, आपल्या कीबोर्डवर फडकं झाकलं, दाराशी चपला घातल्या आणि गेल्या. ते "बरं" नियाजभाईंच्या मनात कुसळासारखं रुतून बसलं.

मंगळवारी खोलीत नऊच बाया होत्या. नियाजभाई निश्चिंत होते. बारा वाजले, आणि मशीन बसली. रोजच्यासारखीच.

देवीदासभाऊ दारात उभे होते. त्यांनी कपाळाला हात लावला. "नियाजभाई, अजून एक कमी करा."

"कोन?"

"शकुन. तिचाच आकडा खालून दुसरा हाये."

शकुन आत काम करत होती. तिला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, पण तिचे हात थांबले. आज शकुन, उद्या कहकशाँ, परवा करिश्मा, असं करत करत गुरुवारी चाचणीला ते स्वतःच बसतील काय? आणि दुसरी गोष्ट त्यांना आतून टोचायला लागली. दहावं पोतं उतरवलं, तरी बंडी का रुतली?

"भाऊ, उद्यापर्यंत मले टाइम द्या," ते म्हणाले. "कोनाले काही सांगू नका."

संध्याकाळी बाया गेल्यावर त्यांनी शाइस्ताला फोन लावला. घरात त्यांची बोली उर्दू, पण बाप आयुष्यभर मशीनशी वऱ्हाडीतच बोललेला, त्यामुळे मशीनचा विषय निघाला की बापलेक दोघंही वऱ्हाडीवर येत.

"अब्बू, तुमी आधी मले सांगा, तुमी पाह्यलं काय का समजून चालले?"

"म्हंजे?"

"म्हंजे दहाचा भार झेपत नाही हे तुमाले मशीननं सांगितलं, का देवीदासकाकानं?"

पोरीचं बोलणं बापावर गेलं होतं, तेव्हा तक्रार कुणाकडे करणार?

"चला, आधी प्रोसेसरची माहिती काढा," शाइस्ता म्हणाली. तिनं एकेक अक्षर सांगितलं, यांनी एकेका बोटानं ते बडवलं. मधली तिरपी रेघ कुठल्या बटणावर आहे हे सापडायला दोन मिनिटं गेली. शेवटी पडद्यावर ओळीच ओळी धावल्या. नियाजभाईंनी वरची ओळ वाचली आणि ते ओरडलेच.

"शाइस्ता, इथं प्रोसेसरच्या पुढं शून्य लिवलं हाये! आत प्रोसेसरच नाही काय? त्या दुकानदारानं फसवलं आपल्याले!"

तिकडून हसण्याचा आवाज आला. "खाली पाहा अब्बू. तशीच ओळ अजून एक असन."

"हो, हाये. तिथं एक लिवलं हाये."

"मंग दोन झाले. शून्य नंबरचा एक, अन् एक नंबरचा दुसरा. ते शून्यापासून मोजते."

"काहून?"

"ते त्याचं त्याले ठाऊक. आता वेग पाहा, दोघायचा."

वेग पाहिला. विकणाऱ्यानं सांगितला होता तेवढाच भरला. नाव बरोबर, गाव बरोबर, कुठे खोट नाही. मग शाइस्तानं दुसरी आज्ञा सांगितली, तीनच इंग्रजी अक्षरांची. टॉप. पडदा साफ झाला आणि एक तक्ता उभा राहिला. तो दर तीन सेकंदांनी हलत होता. वरती एक आकडा होता, मशीन किती टक्के रिकामी बसली आहे ते सांगणारा. सत्त्याण्णव.

"सत्त्याण्णव टक्के रिकामी?" नियाजभाईंना विश्वास बसेना. "हे तं काहीच करून नाही राह्यली!"

"आता तिथं कोनी हाये काय काम करायले? दुखत नसलं तं नाडीत काय दिसन? उद्या दुपारी ती बसली का हेच पाहा. खाली यादी दिसते न? त्यात प्रत्येक कामापुढं ज्या बाईचं ते काम हाये तिचं नाव असते. जिचं नाव सगळ्यात वर, तिचं काम प्रोसेसर जास्त खाऊन राह्यलं असं समजा."

नियाजभाईंनी फोन ठेवला. यादीत नावं दिसतात, ही गोष्ट त्यांना बरी वाटली आणि वाईटही वाटली. उद्या शकुनचं नाव वर निघालं तर काय करायचं? मशीनच्या तोंडून निघालेल्या नावाला नाही कसं म्हणायचं?

बुधवारी ते सकाळपासून कोपऱ्यातल्या पडद्यासमोर बसले. नऊजणी काम करत होत्या, खडखड खडखड कीबोर्ड वाजत होते, आणि मशीन ऐंशी टक्के रिकामी होती. नऊ बायांचं काम म्हणजे तिला चिल्लर होतं. नियाजभाईंनी तो आकडा पाहिला आणि मनात हिशोब मांडला. नऊजणींना मिळून वीस टक्के लागतात, तर दहावीला किती लागले असते? पाढे त्यांना पाठ होते. दोन-अडीच टक्के. एवढ्यासाठी त्यांनी एका बाईला चपला घालायला लावल्या होत्या.

बारा वाजले. खोलीबाहेरच्या ओट्यावर पाचच जणींना सावलीत बसता येई, म्हणून बाया पाळीनं जेवत. पहिल्या पाळीला गोदाबाई, लीलाबाई, शकुन, कहकशाँ आणि करिश्मा डबे घेऊन उठल्या. आत चौघी राहिल्या. पाचजणी उठल्या म्हणजे भार कमी व्हायला हवा. आकडा वाढला, नव्वद झाला. नियाजभाईंनी चहाचा घोट घेतला.

दोन मिनिटांनी आकडा घसरला. बावन्न. तेवीस. चार. मग शून्य.

"बसली पाहा," नसीमबानो आपल्या खुर्चीवरून म्हणाली.

नियाजभाईंनी चष्मा वर केला आणि यादी वाचली. इंग्रजी अक्षरं, पण नावं ओळखीची. सगळ्यात वर गोदाबाई. खाली लीलाबाई. मग शकुन, कहकशाँ, करिश्मा. एकेकीपुढे अडतीस, एकोणचाळीस असे आकडे, दोन प्रोसेसर म्हणून शंभरातले नाही, दोनशेतले. आणि खोलीत बसून घाम गाळणाऱ्या चौघींची नावं पार तळाशी, एक-दोन टक्क्यांच्या तुकड्यांवर.

त्यांनी पुन्हा वाचलं. मग दाराबाहेर पाहिलं. गोदाबाई ओट्यावर बसून मिरचीचा ठेचा भाकरीवर घेत होती. तिच्या हाताशी कॉम्प्युटर नव्हता, कॉम्प्युटरचा क सुद्धा नव्हता. आणि इकडे मशीन शपथेवर सांगत होती की गोदाबाई जोरात काम करत आहे.

नियाजभाई उठले आणि गोदाबाईच्या रिकाम्या खुर्चीपाशी गेले. पडद्यावर मासे पोहत होते.

निळं पाणी, त्यात लाल-पिवळे मासे, तोंडातून बुडबुडे सोडत, शेपट्या हलवत. लीलाबाईच्या पडद्यावर मासे. शकुनच्या पडद्यावर मासे. पाच रिकाम्या खुर्च्या आणि पाच भरलेली तळी. नियाजभाईंनी गोदाबाईचा माउस जरासा हलवला. मासे गेले. कोपऱ्यात येऊन पाहिलं, तर यादीतून गोदाबाईचं नाव वरून गायब. ते पुन्हा गेले, लीलाबाईचा माउस हलवला. मग शकुनचा.

"अय्या, सुरू झाली!" नसीमबानो ओरडली. "भाई, काय केलं तुमी?"

नियाजभाई कोपऱ्यात परत आले. ते मटकन स्टुलावर बसले.

ते मासे त्यांनीच सोडले होते.

झालं होतं असं. फॅक्टरीत जेवणाची सुट्टी झाली की जिन, म्हणजे कापसातली सरकी काढणारी मशीन, बंद करत नसत. कापूस घालणं थांबवत, पण मशीन तशीच खाली, म्हणजे रिकामी, फिरू देत. एकदा थांबवली की पुन्हा चालू करताना पट्टा घसरे, मोटारीवर जोर येई, म्हणून जुन्या लोकांनी घालून दिलेला तो नियम होता. खाली फिरणं म्हणजे मशीनचा आराम. नियाजभाईंनी सव्वीस वर्षं तो पाळला होता. मग या खोलीत आल्यावर पहिल्याच आठवड्यात त्यांनी बायांना बजावलं: उठताना काही बंद करायचं नाही, पडदा काळा होऊ द्यायचा नाही, मशीन हलकी हलकी खाली फिरली पाहिजे. आणि दहाही पडद्यांवर त्यांनी शोधून शोधून सगळ्यात सुंदर मासे बसवले होते. दोन मिनिटं हात थांबला की मासे आलेच पाहिजेत. बायांनाही ते फार आवडले होते.

पण इथे पडद्यांना स्वतःचं डोकं कुठे होतं? एकेका माशाची शेपटी, एकेक बुडबुडा त्या कोपऱ्यातल्या मशीनला काढून द्यावा लागत होता, दर क्षणाला नव्यानं, पाच-पाच पडद्यांसाठी. बाया जेवत होत्या आणि मशीन मासे काढून काढून दमत होती. आणि पार्बताबाई बाजारातच भाकर खाऊन येई, त्यामुळे ती पाळीला उठत नसे. नेमक्या त्याच दीड-दोन तासांत पूर्ण वेळ बसून काम करणारी ती एकटीच. तिचा आकडा फळ्यावर सगळ्यात खाली राहिला नसता तरच नवल. दीडनंतर ती खुर्चीवर असतानाच मशीन पळायला लागे, हेही इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. कुणी पाहिलं नाही. म्हणजे त्यांनीच पाहिलं नाही.

आता एक गोष्ट मान्य केली पाहिजे. नियाजभाईंच्या मनात एक विचार आला, आणि तो काही फार थोर नव्हता. मासे गुपचूप काढून टाकले तर? मशीन सुधारेल, शकुन राहील, नऊजणी पास होतील, देवीदासभाऊ पाठ थोपटतील. पार्बताबाईंचं नाव कार्यालयाला गेलेल्या यादीत नाहीच. कुणाला काही कळणार नाही. हा विचार त्यांनी चहाचा कप रिकामा होईपर्यंत केला. मग त्यांना ते "बरं" आठवलं आणि स्वतःचीच शिसारी आली.

त्यांनी ओट्यावरच्या पाचजणींना आत बोलावलं, देवीदासभाऊंना त्यांच्या फुलांच्या दुकानातून बोलावलं, आणि सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं. मासे, जिन, खाली फिरणं, सगळं. सांगताना गोदाबाईच्या पडद्यावर मासे चालू करून आकडा कसा पडतो तेही दाखवलं.

"म्हंजे पार्बताबाईचा काही संबंधच नव्हता?" देवीदासभाऊंनी विचारलं.

"काडीचा नव्हता. चूक माही हाये."

देवीदासभाऊंनी टोपी काढली, डोकं खाजवलं. मोठा व्यापारी माणूस, पण त्या घटकेला त्यांचा चेहरा शाळेत उभं केलेल्या पोरासारखा झाला. "तुमची एकट्याची कशी? पोतं उतरवा, हे तं मीच म्हनलो होतो. कार्यालयात मी फोन करतो, दहावं नाव लिवून घ्या म्हनतो. पन तिले सांगायले मी नाही जात, नियाजभाई. लय बोलन ती."

"मी जातो," नियाजभाई म्हणाले. आधी त्यांनी दहाही पडद्यांवरचे मासे काढले आणि नुसता काळा पडदा ठेवला. बाया थोड्या हळहळल्या.

पार्बताबाई भाजीबाजारात आपल्या जागेवर होत्या, वर एक फाटकी ताडपत्री, ऊन असं की समोरचा रस्ता पाण्यासारखा हलत होता. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मासे त्यांना आठवत होते. आपण बसलेलो असायचो आणि आजूबाजूला सगळीकडे मासे फिरत असायचे, म्हणाल्या, छान वाटायचं.

"म्हंजे माह्या हातात काही खोट नव्हती?"

"नव्हती, पार्बताबाई."

"मी दोन रोज घरी बोटं पाहून राह्यली," त्या म्हणाल्या. "म्हनलं, भाजी तोडून तोडून जाड झाली असतीन. नवऱ्याले म्हनलं, पाहा बरं, माही बोटं जाड हायेत काय. तो म्हने, मले काय समजते."

आता मात्र नियाजभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते लपवलंही नाही. "मले माफ करा, बाई. उद्या या. तुमची खुर्ची तशीच हाये."

"कशी येऊ? सोमवारी तुमी नाही म्हनलं, तं मी जावेले मोकळं केलं. माणिक माह्या जागी बसत होती न दुपारची? ते गेली पोरीकडं, चांदूर रेल्वेले. अन् उद्या बारा वाजताच माल उतरते. कोन बसन इथं?"

नियाजभाईंनी इकडे तिकडे पाहिलं. शेजारचा कांदेवाला आपल्या गिऱ्हाइकात गुंतला होता. उद्या बारा ते दोन म्हणजे त्यांच्या मशीनची परीक्षा. दहा पडदे एकदम चालताना, साहेब मागे उभा असताना, त्या तक्त्यावरचा आकडा पाहायचा, याची ते दुपारपासून मनात गोडी घेत होते. सव्वीस वर्षांत त्यांच्या मशीनची परीक्षा घ्यायला असा कुणी साहेब आला नव्हता.

"मी बसतो," ते म्हणाले.

"तुमी? तुमाले भेंडी समजते काय?"

"तुमाले कॉम्प्युटर समजला, तं मले भेंडी नाही समजणार काय?"

पार्बताबाई हसल्या. सोमवारपासून पहिल्यांदाच.

गुरुवारी साडेअकरापासून नियाजभाई ताडपत्रीखाली बसले. माल उतरवून घेतला. सवयीप्रमाणे भेंडी लांबीनुसार लावली, फिटर नटबोल्ट लावतो तशी, आणि गिऱ्हाइकांनी येऊन ती रांग दोन मिनिटांत उधळून टाकली. एका बाईनं वांगं दाबून पाहिलं, त्यांनी "दाबू नका, बेअरिंग नाही ते," असं म्हटलं आणि ती बाई रागावून कांदेवाल्याकडे गेली. पण त्यांचं लक्ष कुठे होतं भाजीत? दर पाच मिनिटांनी ते मोबाइल काढून वेळ पाहत. साडेबारा. आता दहाही चालू असतील. पाऊण. आता आकडा सत्तरच्या खाली जायला नको. एक. कुणी फोन करू नका, असं त्यांनीच सगळ्यांना सांगून ठेवलं होतं, आणि आता त्याचा त्यांना पश्चात्ताप होत होता. चहावाल्यानं दिलेला चहा निवून गेला, तो त्यांनी तसाच प्यायला.

अडीचला पार्बताबाई आल्या. नवं लुगडं नेसून गेल्या होत्या, ते आता घामानं पाठीला चिकटलं होतं. त्या काही न बोलता टोपल्यांसमोर उभ्या राहिल्या आणि सगळा माल नजरेखालून घातला.

"कोथिंबिरीवर पानी काहून नाही मारलं? सारी सुकली न!"

"मारतो. आधी सांगा, काय झालं?"

"काय व्हायचं? दहाबी जनी पास. म्या सव्वीस केले. साहेब म्हने वीस पायजेत, मी म्हनलं लिवून घ्या सव्वीस."

नियाजभाईंनी आभाळाकडे पाहून हात जोडले की उघडले, ते त्यांचं त्यांनाही कळलं नाही. छातीवरचं मोठं ओझं उतरलं. पण फिटरचा जीव अजून एका जागी अडकून होता.

"अन् मशीन? मशीन कशी चालली? कुठं अडकली नाही न? हळू झाली काय मधात?"

पार्बताबाई विचारात पडल्या. त्यांनी खरोखर आठवून पाहिलं. "मशीन होय? तिच्याकडं कोन पाह्यलं, भाऊ! मी फारम पाहून राह्यली होती."

नियाजभाई हसायला लागले, आणि हसता हसता त्यांना वाटलं, सव्वीस वर्षांत कुठल्या मालकानं याहून मोठी शाबासकी दिली नाही. त्यांनी बादलीत हात घालून कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं, गरजेपेक्षा जरा जास्तच. तेवढ्यात एक गिऱ्हाईक आलं आणि पार्बताबाई तराजू घ्यायला वाकल्या, तर त्यांनी तराजू सोडला नाही. "तुमी बसा," म्हणाले. पार्बताबाई मागे पोत्यावर सावलीत बसल्या, पाय लांब केले आणि पदरानं वारा घ्यायला लागल्या.

"नियाजभाऊ," थोड्या वेळानं त्यांनी विचारलं, "सोमवारपासून काम सुरू. तवर माणिक वापस येऊन जाईन. सकाळचा बाजार तं मले सोडता येत नाही. मी साडेअकराले आली तं चालन न?"

नियाजभाईंच्या हातातला तराजू क्षणभर तसाच राहिला. एवढं झाल्यावरही ती बाई त्यांना परवानगी विचारत होती, आणि त्यांना एकाच वेळी लाज वाटली आणि फार बरं वाटलं.

"तुमी या, बाई," ते म्हणाले. "तुमी याल तव्हाच खोली भरते." मग गिऱ्हाइकाकडे वळून त्यांनी पावशेर भेंडी मोजली, वर दोन जास्तीच्या टाकल्या, आणि पार्बताबाईंनी त्या दोन मागून हात घालून काढून घेतल्या.